तिसरा रकाना

माझ्याकडे दोनशे पानी एक वही आहे. पुठ्ठा कधीच निघाला, कोपऱ्यांवर फ्लक्सचे पिवळे डाग आहेत. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने. पहिल्यात जो पार्ट बाजारात मिळाला नाही त्याचा नंबर. दुसऱ्यात त्याच्या जागी मी काय बसवलं ते. तिसऱ्या रकान्याला मथळा नाही, पण तिथे पुढे काय झालं ते लिहायचं असतं. 'तीन वर्षं झाली, चालू आहे.' 'दुसऱ्याच दिवशी फोन.' 'चालतो, पण गरम होतो.' काही ओळींपुढे नुसतंच 'चूक'.

पहिले दोन रकाने कुणाकडूनही मिळतात. दुकानदार सांगतो, मित्र सांगतो, हल्ली मोबाईलही सांगतो. तिसरा रकाना मात्र ज्याचा त्याने पदरमोड करून भरायचा असतो. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या जुन्या ड्राईव्हच्या दुरुस्तीवरचं हे पुस्तक त्या तिसऱ्या रकान्याचं आहे, आणि म्हणून नुसत्या तक्त्यांपुरतं थांबणं मला जमलं नाही.

बाहेरच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो असा, की तीस वर्षांपूर्वीचे ड्राईव्ह अजून दुरुस्त करता कशाला? जळगावच्या एमआयडीसीत एक चक्कर मारली की उत्तर मिळतं. १९८० च्या दशकापासून इथे पीव्हीसी पाईप, ठिबकच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या चटया यांचे कारखाने वाढत गेले. त्यांच्या जोडीला दालमिल आणि जिनिंग होतेच. तिकडे धुळ्याला अवधानची वसाहत, शिरपूरकडे सूतगिरणी. यातल्या पाईप आणि चटईच्या धंद्याचा जीव म्हणजे एक्स्ट्रूडर. प्लास्टिकचा दाणा वितळवून पुढे ढकलणारा तो स्क्रू सावकाश फिरतो, पण जोर मात्र पूर्ण मागतो. थंड मालावर सुरू करताना तर दुप्पट. त्या काळात हे काम डीसी मोटर करायची आणि तिचा वेग थायरिस्टरचा ड्राईव्ह सांभाळायचा. जोडी चांगली होती. मोटरचे कार्बन ब्रश वेळेवर बदलले, कॉम्युटेटर साफ ठेवला, तर ती तीस वर्षंही सहज काढते. दगा देतं ते तिच्या पॅनेलमधलं कार्ड.

मग सगळंच बदलून एसी मोटर आणि नवा ड्राईव्ह का बसवत नाहीत? बसवतात. पण खर्च नुसत्या ड्राईव्हचा नसतो. तेवढ्याच ताकदीच्या एसी मोटरचं अंग वेगळं, तिचा पाया वेगळा, शाफ्टची उंची वेगळी, कपलिंग नवं. कमी वेगावर तिचा स्वतःचा पंखा पुरेसा वारा देत नाही, म्हणून वेगळा ब्लोअर. आणि हे सगळं होईपर्यंत लाईन बंद. चटईच्या धंद्यात किलोमागे सुटतं किती, हे ज्याला माहीत आहे तो मालक आधी विचारतो, "भाऊ, हेच कार्ड चालू होईल का?" त्याचा प्रश्न रास्त असतो.

लाईन बंद राहणं म्हणजे काय, तेही सांगतो. गरम बॅरलमध्ये पीव्हीसी अडकून राहिला की तो करपतो, आणि करपताना हायड्रोजन क्लोराईड सोडतो. तो वायू डोळ्यांना झोंबतो आणि स्क्रू-बॅरलच्या पोलादालाही खातो. म्हणून मोटर थांबल्यावर ऑपरेटरचा जो फोन येतो त्यात "मशीन बंद पडनी भो" एवढंच वाक्य असतं, आणि तेवढं पुरेसं असतं.

आता पार्ट का मिळत नाहीत ते. सेमीकंडक्टर कंपन्या एखादा पार्ट बंद करताना आधी नोटीस काढतात. रूढ पद्धत अशी की शेवटची ऑर्डर द्यायला किमान सहा महिने आणि माल उचलायला किमान बारा. ही नोटीस मोठ्या ग्राहकांना जाते. जळगावच्या चटई कारखान्याला ती कोण पाठवणार? आपल्याला कळतं ते दहा वर्षांनी, दुकानदाराने मान हलवल्यावर. २००६ च्या जुलैपासून युरोपात शिशाच्या वापरावर निर्बंध आले, तेव्हा कित्येक जुने आयसी शिसंविरहित रूपात आणण्याच्या भानगडीत न पडता कंपन्यांनी सरळ बंदच करून टाकले. त्याच सुमारास, २००७ च्या आसपास, इंटेलने ८०५१ आणि ८०सी१९६ या आपल्या जुन्या कंट्रोलरांचं उत्पादन गुंडाळलं. ८०५१ इतरांनी चालू ठेवला. १९६ च्या मागे तसं कुणी उभं राहिलं नाही, आणि त्याच्यावर चालणारे ड्राईव्ह पोरके झाले.

काही पार्ट मात्र बंद झालेलेच नसतात, त्यांचं फक्त आडनाव बदललेलं असतं. सीमेन्सचा सेमीकंडक्टर विभाग १९९९ मध्ये इन्फिनिऑन झाला. मोटोरोलाचे साधे ट्रान्झिस्टर-डायोड त्याच वर्षी ऑन सेमीकंडक्टरकडे गेले, २०१६ मध्ये फेअरचाईल्डही तिथेच. नॅशनलचे ऑप-अँप २०११ पासून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या घरी. हिताची आणि मित्सुबिशीची बरीचशी चिपनिर्मिती मिळून २००३ मध्ये रेनेसास. सगळ्यांत जास्त घरं बदलली ती एचपीच्या ऑप्टोकपलरनी: एचपी, मग एजिलंट, मग अवागो, आणि शेवटी ब्रॉडकॉम. आतली वस्तू तीच. पण डाटाशीट शोधणारा पोरगा 'एचपी' टाकून शोधतो, त्याला प्रिंटर दिसतात आणि तो कपाळाला हात लावतो. म्हणून पुस्तकात सुरुवातीलाच कंपन्यांची वंशावळ दिली आहे. ती कंटाळवाणी आहे, पण वेळ वाचवते.

माझ्या वहीतलं पहिलं 'चूक' कसं पडलं, ते इथेच सांगून टाकतो, कारण पुस्तकाचा अर्धा सूर त्यातून आला आहे.

पाईपच्या लाईनवरचा तीन फेजचा डीसी ड्राईव्ह. मोटर धक्के खात होती, करंट चढला की जास्तच. एक फेज फायर होत नाहीये, हे आवाजावरून कळत होतं. फायरिंग कार्डावर टीसीए ७८५ चे तीन आयसी, प्रत्येक फेजला एक. सोळा पायांचा हा आयसी एके काळी आपल्याकडच्या निम्म्या डीसी ड्राईव्हमध्ये असेल. त्याचं काम सोपं आहे. पाचव्या पायावर सप्लायची लहर शून्याला कधी येते ते तो बघतो. तिथून दहाव्या पायावरच्या कपॅसिटरमध्ये व्होल्टेज चढवत नेतो. ते व्होल्टेज अकराव्या पायावरच्या कंट्रोल व्होल्टेजला गाठतं तेव्हा चौदा आणि पंधरा नंबरच्या पायांवरून थायरिस्टरला पल्स सोडतो. तिन्ही आयसी सॉकेटवर होते, म्हणून मी अदलाबदल करून बघायला हवं होतं. ते मी केलं नाही. माझ्याकडे तेव्हा फक्त मल्टिमीटर होता आणि अक्कल त्याहून कमी. मधला आयसी गेला, असं जाहीर करून टाकलं.

जळगावात मिळाला नाही. रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो आणि लॅमिंग्टन रोडवर दुपारपर्यंत फिरलो. एका दुकानात दोन नग मिळाले, किंमत सांगायची लाज वाटते. परत येऊन बसवले. दोन्हींवर मोटर तशीच धक्के खात राहिली. शंका आली म्हणून कापसावर ॲसिटोन घेऊन एका आयसीच्या पाठीवरून फिरवला. अक्षरं कापसावर उतरली आणि खाली दुसराच नंबर, अर्धवट घासलेला, दिसू लागला. मग काय, सगळा राग त्या दुकानावर.

तिसऱ्या दिवशी ओळखीच्या एका शिक्षकांच्या मेहेरबानीने कॉलेजातला ऑसिलोस्कोप मिळाला. जुनाच आयसी परत बसवला आणि दहाव्या पायावर प्रोब लावला. बाकीच्या दोन फेजवर करवतीच्या दातांसारखी सुरेख लहर. मधल्या फेजवर वरती सपाट रेघ. म्हणजे कपॅसिटर भरतोय, पण रिकामा कर असं त्याला कुणी सांगतच नाहीये. पाचव्या पायावर गेलो. तिथे सप्लायची लहर पोचतच नव्हती. सप्लायकडून त्या पायाकडे येणारा मोठ्या व्हॅल्यूचा रेझिस्टर आतून तुटला होता. बाहेरून रंगपट्टे लख्ख, करपल्याची खूण नाही. रुपयाभराची वस्तू.

बाजारातला माल नकली होता हे खरं. पण अस्सल असता तरी मोटरने धक्के खाल्लेच असते. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहून ठेवलंय: 'आधी मेला आहे का बघ.' पुस्तकातलं पहिलं प्रकरण बदली पार्टांबद्दल मुळीच नाही. जो पार्ट शोधायला निघालात तो खरंच गेलाय का, हे कसं सिद्ध करायचं, एवढंच त्यात आहे. घाई असलेल्या वाचकाने तेच प्रकरण वगळायचं नाही.

दुसरी गोष्ट 'इक्विव्हॅलंट' या शब्दाची. आपल्या धंद्यात हा शब्द फार स्वस्त झालाय. सर्किटमध्ये पार्टला एक नोकरी असते आणि त्या नोकरीच्या अटी असतात. अटी पाळणारा पार्ट तिथे चालतो, मग नंबर काहीही असो. अट मोडणारा चालत नाही, नंबर कितीही जवळचा असला तरी.

१एन४००७ आणि यूएफ४००७ हे दोन डायोड शेजारी ठेवा. काळं अंग, टोकाला रुपेरी पट्टी, दोन्ही १ अँपिअर, १००० व्होल्ट. ५० हर्ट्झच्या रेक्टिफायरमध्ये कुठलाही लावा. पण ड्राईव्हच्या एसएमपीएसमध्ये स्विचिंग सेकंदाला हजारो वेळा होतं. तिथे डायोडने उलटा प्रवाह किती चटकन तोडला यावर सगळं अवलंबून असतं. यूएफ४००७ ते ७५ नॅनोसेकंदांत करतो, १एन४००७ ला दोन मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात, म्हणजे पंचवीसपटीहून जास्त. तो बसवला की ड्राईव्ह चालू होतो, तुम्ही पैसे घेऊन घरी जाता, आणि तासाभरात डायोड तापून फुटतो, जाताना स्विचिंग ट्रान्झिस्टरलाही घेऊन जातो. माझ्या तिसऱ्या रकान्यातलं 'दुसऱ्याच दिवशी फोन' ते हेच.

असाच फसवा नंबर ४०४६ चा. जुन्या ड्राईव्हमध्ये सीमॉसचे ४००० मालिकेतले आयसी बहुतेक १५ व्होल्टवर चालतात. दुकानदार ७४एचसी४०४६ देतो, शेवटचे चार आकडे जुळतात, पायही जवळपास जुळतात. पण एचसी मालिकेला ६ व्होल्टच्या वर जाता येत नाही. वीज दिली की धूर. उलट बाजूने, ५ व्होल्टच्या कार्डावर ७४एलएस काढून ७४एचसी बसवला तर धूर येत नाही, पण कधी चालतो, कधी नाही. एलएसचा 'हाय' २.७ व्होल्टचीच हमी देतो आणि एचसीला साडेतीन लागतात. तिथे एचसीटी घ्यायचा. एका 'टी'साठी मी चाळीसगावपर्यंत दोन फेऱ्या मारल्या आहेत.

कधी कधी नवा पार्ट जुन्यापेक्षा शहाणा असतो आणि त्यामुळेच घोटाळा होतो. आयजीबीटीच्या गेटला चालवणारा टीएलपी २५० न मिळाल्यावर त्याच्या जागी एचसीपीएल ३१२० बसतो. पायांची मांडणी तीच, ताकद थोडी जास्त. पण ३१२० ला कमी व्होल्टेज ओळखायची सोय आहे. सप्लाय साधारण ११ ते १३.५ व्होल्टच्या पुढे गेल्याशिवाय तो गेटला हातच लावत नाही. जुन्या कार्डावरचा सप्लाय कपॅसिटर वाळल्यामुळे खाली आलेला असतो. टीएलपी २५० त्यातही रेटून नेत होता, ३१२० नेत नाही. आपण म्हणतो, नवा खराब निघाला. तो खरं बोलला, एवढंच. अर्ध्या व्होल्टेजवर चालवलेला आयजीबीटी गरम होऊन मरतोच.

आणि एक रेषा अशी आहे जी बदली पार्टाने ओलांडता येत नाही. १९९० च्या आधीच्या बऱ्याच एसी ड्राईव्हमध्ये डार्लिंग्टन ट्रान्झिस्टरची मोड्यूल असत. त्यांना चालू ठेवायला सतत बेस करंट पुरवावा लागतो. आयजीबीटीला फक्त गेटवर १५ व्होल्ट हवे असतात. अंगकाठी सारखी म्हणून डार्लिंग्टनच्या जागी आयजीबीटी स्क्रूने कसता येतो. चालवता येत नाही. मागचं सगळं ड्रायव्हर कार्ड बदलावं लागतं. पुस्तकात तो प्रयोग पायरी-पायरीने दिला आहे, पण माझं स्पष्ट मत आहे की एकाच ड्राईव्हसाठी तो करू नये. एकसारखे पाच-सहा असतील तरच.

कपॅसिटरबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वेगळं प्रकरण आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असतो, पत्र्याच्या शेडमधल्या पॅनेलच्या आत त्याहून वीस अंश वर धरा. इलेक्ट्रोलायटिकचा ठोकताळा असा की दर १० अंशांनी आयुष्य निम्मं-दुप्पट होतं. ८५ अंशांचा, २००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांवर ८००० तास टिकेल. चोवीस तास चालणाऱ्या लाईनवर हे वर्षसुद्धा भरत नाही. त्याच जागी १०५ अंशांचा, ५००० तासांचा घातला तर ८०,००० तास, म्हणजे नऊ वर्षं. इथे तोच नंबर शोधत बसणं हाच मूर्खपणा. मूळ कंपनीने पुण्या-मुंबईच्या किंवा जर्मनीच्या हवेचा विचार करून जे घातलं होतं, त्यापेक्षा चांगलं घालायची ही संधी आहे. मोठे कपॅसिटर तर नाशिकलाही बनतात.

सगळ्यांत हळवा भाग एप्रॉमचा. जुन्या कार्डावर काचेची खिडकी असलेला आणि वर स्टिकर चिकटवलेला जो आयसी दिसतो, त्यात ड्राईव्हचा प्रोग्रॅम असतो. कोरा २७सी२५६ मिळतो, पण आतलं लिखाण दुकानात मिळत नाही. ते विजेच्या अगदी बारक्या साठ्यावर टिकलेलं असतं आणि काही दशकांनी विरत जातं. धुळ्याच्या एका कारखान्यात एकाच जातीचे चार ड्राईव्ह होते. पहिला गेला तेव्हाच मी बाकी तिघांचे एप्रॉम वाचून ठेवले. मालक म्हणाले, "चालू मशीनला कशाला हात लावतोस बाबा?" दोन वर्षांनी त्याच फाईलवर दुसरा ड्राईव्ह उठला. ड्राईव्ह चालू असतानाच हे करून ठेवायचं. गेल्यावर वाचायला काही उरत नाही.

थांबायचं कुठे, हेही पुस्तकात आहे, आणि त्यावर काही मंडळी नाराज होतील. वेग मोजणारा टॅको तुटल्यावर मोटर पळत सुटू नये म्हणून असलेलं सर्किट, फील्ड गेल्यावर ट्रिप करणारं सर्किट, इमर्जन्सी स्टॉप, या जागांवर 'चालून जाईल' असा पार्ट बसवायचा नाही. मिळाला नाही तर ड्राईव्ह बदला. फील्ड नसलेली डीसी मोटर काय करते ते एकदा पाहिलं की पुन्हा कुणी हट्ट करत नाही.

माघार घेण्यात कमीपणा नाही, हे पटवायला लांब जायला नको. भुसावळच्या यार्डात उभं राहून बघा. १९९० च्या दशकाच्या मध्यात रेल्वेने एबीबीची तीन फेजची इंजिनं आणली, मालगाडीची डब्ल्यूएजी ९ आणि प्रवासी गाडीची डब्ल्यूएपी ५. त्यांच्या कन्व्हर्टरमध्ये जीटीओ थायरिस्टर होते, त्या वेळचं उत्तम तंत्र. पुढे जगभर जीटीओ मागे पडले, आयजीबीटी आले, आणि चित्तरंजनच्या कारखान्यानेही नव्या इंजिनांसाठी तीच वाट धरली. इंजिनाचा नंबर तोच राहिला, पोटातलं यंत्र बदललं. रेल्वेसारख्या गिऱ्हाइकालाही जुना पार्ट कायमचा धरून ठेवता आला नाही. आपण तर महिन्याला दोन नग मागणारे.

हे पुस्तक मी आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी मराठीत लिहिलं. गेट, बेस, रॅम्प हे शब्द तसेच ठेवले, कारण पॅनेलसमोर उभं राहून कुणी 'उतार-लहर' म्हणत नाही. चित्रं हाताने काढली आहेत, त्यात कुठे पाय चुकला असेल तर दोष माझा.

शेवटी एक मागणं. प्रत्येक कारखान्यात, स्टोअरच्या मागच्या कपाटात, ड्राईव्हबरोबर आलेली मॅन्युअल आणि सर्किटची ड्रॉइंग पडलेली असतात. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत जातात, आणि सहा महिन्यांनी माझ्यासारखा माणूस कार्डावरची एकेक रेघ भिंगाने शोधत बसतो. या दिवाळीला ते कपाट स्वतः उघडा. ड्रॉइंगची झेरॉक्स काढून पॅनेलच्या दाराच्या आतल्या खिशात ठेवा, मूळ प्रत ऑफिसात. आणि पार्ट बदलला की त्या झेरॉक्सवर पेन्सिलीने तारीख, जुना नंबर, नवा नंबर लिहा. महिनाभराने परत जाऊन, पुढे काय झालं तेही.